खोट दत्ताच्या नावावर

हे सबंध असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं ते अर्धंमुर्धं, आणि फार उशिरा. नणंदेला दोन वाक्यांत. आणि ज्या बाई असल्या गोष्टी ऐकून घ्यायलाच बसलेल्या असतात, त्यांना तर मी एक अक्षर कळू दिलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. तुम्ही रागावलात तर उद्या मला तुमच्या पंगतीला बसायचं नाहीये. आणि कीव करणार असाल — तर इथेच थांबा, पुढे वाचू नका.

मी शहापूरला एका औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. फार्मसीचा डिप्लोमा लग्नाआधीच झालेला. माहेर मुरबाड तालुक्यातलं, सासर सापगावचं. नवऱ्याचं नाव दत्ता, हायवेलगतच्या एका कारखान्यात फिटर. समोर मी त्याला अहो-जाहो करते, पण इथे 'दत्ता'च लिहिणार. 'हे' आणि 'त्यांनी' म्हणत राहिले की माझंच मला फार सज्जन वाटायला लागतं.

लग्न झालं तेव्हा मला मूल नको होतं. नंतरही नको होतं. का — विचारू नका. मी घरात थोरली, धाकटी तीन भावंडं माझ्या कडेवर वाढली, ती कथा सांगितली तर तुम्ही मान हलवाल, म्हणाल, अगोबाई, म्हणून होय. तसं काही नाही. नको होतं, एवढंच. आणि नको असणं हा माझा गुन्हा नव्हता, हे मला आता ठाऊक आहे. पण तोंड उघडून 'मला नको' म्हणायचं धाडस — ते कुठून आणायचं? सापगावात नव्या सुनेने? म्हणून मी काय केलं? दुकानात गोळ्या होत्याच. रोज चहाच्या वेळी मागच्या खोलीत जायचं, एक गोळी तोंडात टाकायची, वर चहा. घरात गोळीचं पाकीट कधी आलंच नाही.

दोनेक वर्षांत सासूबाईंचं सुरू झालं. हे व्रत, तो उपास, अमक्या देवीची ओटी. मग शब्द. पाण्याच्या हंड्यापाशी, जेवताना, पाहुण्यांसमोर. वांझ हा शब्द मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की त्याची धारच गेली. खरं सांगू? मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी आतून बरंही वाटायचं. त्या मला छळत होत्या, म्हणजे मी बिचारी होते. बिचाऱ्या माणसाला कोण काय विचारतं?

शेवटी दत्तानेच डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाले, आधी पुरुषाची तपासणी, ती सोपी असते. दत्ता लाजत का होईना, गेला. निकाल आणायच्या दिवशी त्याची कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून मी एकटी गेले. डॉक्टर म्हणाले, यांचं सगळं ठीक आहे. आता तुमच्या तपासण्या करू.

माझ्या तपासण्या. म्हणजे दोन प्रश्नांत सगळं बाहेर. मी रिक्षात बसले. सापगाव येईपर्यंत माझं ठरलं होतं. तुम्हाला वाटेल, घाबरून तोंडातून निघून गेलं असेल. नाही हो. ठरवून निघालं. संध्याकाळी दत्ता आला, हातपाय धुतले, आणि मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, तुमच्यात कमी आहे."

त्याने रिपोर्ट उलटापालटा करून बघितला. सगळं इंग्रजी, सगळे आकडे. घरात औषधपाण्याचं शिकलेली मी एकटी. मी एका आकड्यावर बोट ठेवलं. त्याने मान डोलावली. डोळ्याने माझ्याकडे नाही बघितलं, बोटाकडे बघितलं.

आणि मग त्याने काय करावं? बाहेर ओटीवर गेला आणि आईला म्हणाला, "खोट माझ्यात हाय. आजपासून तिला कोन काय बोललं तर मी घरात जेवनार नाय."

त्या बाईचा चेहरा — मी दारात उभी राहून बघितला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला. "मी तुला नको नको ते बोलले गो. माफ कर. आमच्याच पोरात खोट निघाली." मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणाले, "जाऊ द्या आई." माफ केलं मी त्यांना! वर तोंड करून.

तिथेही थांबले असते तर एक वेळ — नाही, तसं काही म्हणत नाही. थांबले नाही हे खरं. दत्ता म्हणाला, यावर औषध असेल ना? मी त्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून द्यायला लागले. 'उपचार' म्हणून. तो त्या देवाचं तीर्थ घ्यावं तशा घ्यायचा. एखाद्या दिवशी विसरला तर स्वतःवर चिडायचा. आणि दुपारी दुकानात मी माझी गोळी घ्यायचे.

दत्ता कसा होता ते तुम्हाला कळायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की गावोगाव टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा होतात, आणि त्यांना माइकवर बोलणारा लागतो. दत्ता तो होता. खर्डीपासून मुरबाडपर्यंत त्याला बोलावणी यायची. खेळणाऱ्यापेक्षा त्याच्या बोलण्याला माणसं हसायची. पण घरातली गोष्ट गावात गेलीच — आणि एका सामन्याला, तो माइकवर असताना, मागून कुणीतरी ओरडलं, "दत्ताची बॅटिंग बघा रे, इतकी वर्षं झाली, खातंच नाय उघडलं!" मैदान हसलं. दत्ताने माइक टेबलावर ठेवला आणि चालत घरी आला. त्यानंतर त्याने माइक धरला नाही. बारशाला जाणं सोडलं, हळदीला जाणं सोडलं. कारखाना आणि घर. घरात काही विचारलं तर "हां", "नाय". आमचं भांडणसुद्धा होईना. भांडायला दोन माणसं लागतात ना?

सासूबाई गेल्या त्याही हेच मनात घेऊन. शेवटच्या दिवसांत त्या माझ्याच हातचं खायच्या. मी आजारी माणसाचं सगळं केलं, मन लावून केलं. आणि एक वाक्य, फक्त एक वाक्य, ते नाही बोलले.

मग दत्ताचं खाणं सुटलं. सकाळी चप्पल घालून उंबऱ्यात बसायचा आणि बसूनच राहायचा. कामाला जायचं नाही का विचारलं तर म्हणायचा, "कशाला?" कारखान्याच्या डॉक्टरांनी शहापुरातल्या एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. शुभदा मॅडम. कल्याणहून यायच्या, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायच्या. पहिल्या दिवशी मीही आत होते.

मला ती बाई पहिल्यापासून आवडली नाही. धड सांत्वन नाही, धड सल्ला नाही. दत्ताने चार तुटक वाक्यांत आपलं सांगितलं, तर ही नुसती ऐकून घेते. मी म्हटलं, मॅडम, काही गोळ्या देणार का? म्हणाल्या, गोळ्यांचं काम वेगळ्या डॉक्टरांचं, लागल्या तर पाठवेन. "मी ज्या पद्धतीने काम करते तिला अस्तित्ववादी मानसोपचार म्हणतात," म्हणाल्या. "नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. आपण एक दिवस मरणार. आपले निर्णय दुसरा कुणी घेऊ शकत नाही. कुणी कितीही जवळचं असलं तरी काही ठिकाणी आपण एकटेच असतो. आणि आपलं जगणं कशासाठी, याचं उत्तर कुणी आयतं आणून देत नाही. यातून कुणाची सुटका नाही. बरीच दुखणी यांच्यापासून पळताना होतात. इथे आपण पळायचं थांबवून बघू."

काय हा उपचार! बाहेर आल्यावर मी दत्ताला म्हटलं, आधीच खचलेल्या माणसाला ही मरणाच्या गोष्टी सांगते. पुन्हा यायचं नाही. तो गाडीला किक मारत म्हणाला, "येनार मी." किती तरी महिन्यांनी त्याने माझं बोलणं मोडलं होतं.

पुढे तो एकटाच आत जायचा. मी बाहेर बाकावर. सापगावला परत जाताना गाडीवर तो मला थोडं सांगायचा — आणि मी कान देऊन ऐकायचे, कारण मला जीव मुठीत धरून ऐकावंच लागत होतं. एकदा त्याने मॅडमना म्हटलं, मी बाप होऊ शकत नाही म्हणजे माझं जगणं फुकट. मॅडमनी विचारलं, बाप होऊन तुम्ही काय करणार होतात? आठवडाभर दत्ता तो प्रश्न घेऊन फिरला. मग सांगून आला: पोराला शेतावर नेलं असतं. बॉल कसा टाकायचा ते शिकवलं असतं. माझं बोलणं कुणीतरी तोंडाकडे बघत ऐकलं असतं. मॅडम म्हणाल्या, यातलं काय काय अडलेलं आहे, आणि काय तुम्ही अडवलेलं आहे?

मला तिचा संताप आला. आहे काय हिला अधिकार? पण दत्ता जेवायला लागला. हे मी नाकारणार नाही. रविवारी वाडीवरच्या मुलांना मैदानात गोळा करायला लागला. कधी रडायचा — उघडा, माझ्यासमोर. मी विचारलं काय झालं, तर म्हणायचा, "काय नाय गो, जे नाय मिळालं त्याचं रडतोय. आता रडता येतं." आईच्या मरणाबद्दल पहिल्यांदा बोलला. मला विचारलं, "तुला काय वाटतं? तू कधी बोलतच नाय." मी भाजीला फोडणी दिली.

त्या उन्हाळ्यात तो पुन्हा माइकवर गेला. मी मैदानाच्या कडेला बायकांत उभी होते. तोच माणूस मागून पुन्हा काहीतरी बरळला. दत्ताने सामना थांबवला. माइकवर म्हणाला, "मंडळी, मला पोर नाय. खोट माझ्यात हाय. मी त्याची लाज आता बाळगत नाय. ज्याला अजून काय बोलायचं हाय त्यानं हितं यावं, माइक देतो." कुणी हललं नाही. मग तो म्हणाला, "चला, पुढची ओव्हर." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले. मला म्हणाली, नशीबवान आहेस.

नशीबवान! जी खोट त्याच्यात नव्हतीच, ती तो गावासमोर छातीवर मिरवत होता — आणि त्यानेच बरा होत होता. माझ्या खोट्यावर उभा राहून तो सरळ झाला होता. मी तेव्हा काय करावं? आनंद व्हायला हवा ना? मी दुसऱ्या दिवशी दुकानातून निघाले आणि मॅडमच्या खोलीत जाऊन तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही माझ्या नवऱ्याला काय शिकवलंत? काल भर मैदानात, माइकवरून, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली. आमच्या वाट्याला आलं ते आम्ही गुपचूप भोगत होतो. माझा नाइलाज होता, त्याचाही होता —

त्या म्हणाल्या, "त्याचा नाइलाज मला कळला. तुमचा कुठला?"

मी पर्स उचलली.

मग म्हणाल्या, "काल मैदानावर तुम्हाला लाज वाटली, की भीती?"

मी उठले आणि दार आपटून निघाले. त्यांनी मागून हाक मारली नाही. आजही मला त्या बाईविषयी प्रेम नाही. पण तो प्रश्न काही मी त्या खोलीत ठेवून येऊ शकले नाही. काउंटरवर माणसं पावती मागायची आणि मी आपली मनात: लाज, की भीती? आणि नाइलाज कुठला? डॉक्टरांच्या दारातून रिक्षापर्यंत, रिक्षातून घरापर्यंत, कुणी माझा गळा धरला होता? त्यानंतर इतकी वर्षं, रोज — कुणी धरला होता? मी दर दिवशी ठरवत होते. दर दिवशी नव्याने ठरवत होते आणि त्याला नशीब म्हणत होते.

सांगितलं तेही मी आपणहून नाही. राब भाजायचे दिवस होते. भाताच्या रोपांची जागा पेरणीआधी पालापाचोळा, गोवऱ्या टाकून भाजून घेतात, ते. दत्ता सकाळीच शेतावर होता, मी भाकरी घेऊन गेले. तो खुशीत होता. म्हणाला, "एक बोलू? आपन पोर दत्तक घेऊ. वय जरा झालंय, पन विचारू तरी. माझ्यामुळे तुझं आईपन राहिलं."

माझ्यामुळे, म्हणाला.

मला पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला होता, लग्नानंतर विचारला होता तोच. आणि माझं उत्तरही तेच होतं. या वेळी मी दिलं. "मला मूल नकोय. तेव्हाही नको होतं. तुमच्यात काही कमी नाही. डॉक्टर म्हणाले होते सगळं ठीक आहे. मी गोळ्या खात होते."

तो पेटत्या कडेला काठीने पालापाचोळा सारत होता. सारतच राहिला. मग म्हणाला, "आईला ठावं होतं?"

"नाही."

"आनि मला देत होतीस त्या?"

"व्हिटॅमिनच्या."

राब पेटलेला असला की सोडून जाता येत नाही, आग बांध ओलांडते. म्हणून आम्ही दोघं तिथे उभे राहिलो, तो एका कडेला, मी दुसऱ्या. धूर कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे. मी पुढचं सांगायला गेले — कसं सुरू झालं, आईंनी हात धरला तेव्हा — तर त्याने हात वर केला. बस. मला वाटलं होतं, तो कोसळेल. पुन्हा उंबऱ्यात बसेल. मला वाटलं होतं, की — आणि हे लिहितानाही मला माझी घाण येते — की कोसळला तर मी त्याला सांभाळेन, आणि तेवढ्याने फिटेल.

तो कोसळला नाही. विस्तव राखेत गेल्यावर काठी टाकून जवळ आला. "मी बरा झालो तो माझ्या मेहनतीनं. त्या खोलीत बसून, रडून. ते तू दिलेलं नाय, म्हनून तुला ते नेता येनार नाय." आवाज चढला नव्हता. "लोकांत मी खोटं बोललो, तुझं खोटं. पन लाज बाळगत नाय बोललो, ते खरंच होतं."

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला. एकटा. त्यांना काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारण्याच्या जागेवर उरलेले नाही. परत आला तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हणाला, "तू माहेरी जा. कायमचं बोलत नाय. पन तू समोर असलीस की माझा इचार तुझ्या बाजूनं वळतो. सवय लागलीय. मला एकट्याला ठरवायचंय."

मी माहेरी आले. आता मुरबाडकडून एसटीने शहापूरला दुकानात येते, संध्याकाळी परत. भावाला सांगितलंय, थोडे दिवस राहायला आलेय. तो काही विचारत नाही, वहिनी बघते.

आणि सापगावात काय झालं असेल? तेच. मूल देता आलं नाही म्हणून बायको सोडून गेली. माणसं दत्ताला तोंडावर विचारतात, आणि तो सांगतो, आमचं दोघांचं पटत नाही. एवढंच सांगतो. माझं नाव घेत नाही. अजूनही! जाताना माझ्या अंगावर एक शब्द टाकला असता तर मी हलकी झाले असते. तो मला झाकतोय, आणि मी कितीतरी दिवस झाकू दिलं. पुन्हा. कबूल केल्यानंतरसुद्धा. बघा, माणूस किती सुधारतो ते.

परवा नणंदेचा फोन आला. संगीता, खर्डीला दिलेली, दत्ताहून धाकटी. रडतच बोलत होती. "वहिनी, परत ये गो. भावाची खोट तुला पयल्यापासून म्हाईत होती ना? मग आता का सोडलंस त्याला? आमी भावकीतले सगळे हितं माझ्याकडं जमलोय, तुझ्या पाया पडतो."

मी दुकानाच्या मागच्या खोलीत होते. म्हटलं, "संगीता, त्याच्यात खोट नाही. मीच गोळ्या खात होते. आईंनाही मी फसवलं."

तिचा आवाज आला, पण तो मघाचा आवाज नव्हता.

"थांब. स्पीकरवर टाकते. सगळे हायत. परत बोल."

मी परत बोलले. हळू नाही, समोरच्या काउंटरवर ऐकू जाईल असं. दत्तात काही कमी नाही, गोळ्या मी घेत होते, खोटं मी सांगितलं. तिकडे कुणाचंतरी तान्हं रडत होतं. मग फोन बंद झाला.

बाहेर आले तर गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन उभं होतं आणि मालक माझ्याकडे बघत होते. मी चिठ्ठी घेतली.

दत्ताने अजून काही ठरवल्याचं कळवलेलं नाही. मी विचारलेलं नाही.